खडूसपणा मोजता येतो का? मुंबई क्रिकेटचा ‘स्वभाव’ आणि शंभर वर्षांचे मानसशास्त्र

१८९० ते १८९५ या काळात लॉर्ड हॅरिस मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे ते माजी कर्णधार. खेळावर त्यांची निस्सीम भक्ती होती आणि एतद्देशीयांच्या स्वभावाविषयी त्यांचे मत तितकेच ठाम होते. पौर्वात्य माणूस भावनेच्या भरात लवकर उसळतो आणि लवकरच धीर सोडतो. इंग्रजाची थंड चिकाटी त्याच्या ठायी नाही. म्हणून क्रिकेटमध्ये तो इंग्रजाची बरोबरी करू शकणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. साम्राज्याचा दर्प बाजूला ठेवून या विधानाकडे पाहिले, तर त्याची रचना आजच्या कोणत्याही क्रीडा-मानसशास्त्रीय शोधनिबंधासारखीच आहे. एका बाजूला स्वभावगुण, दुसऱ्या बाजूला सांघिक कामगिरी, आणि पहिल्यामुळे दुसरी घडते असा दावा. उणीव एकच होती: मोजमाप.

विरोधी पुरावा हॅरिस मुंबईत उतरण्यापूर्वीच नोंदला गेला होता. १८९०च्या जानेवारीत पारशी संघाने जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला बॉम्बे जिमखान्यावर चार गडी राखून हरवले होते. पुढे फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी नमवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. या विजयाचा एक प्रमुख शिल्पकार होता डावखुरा फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता घडलेला हा गोलंदाज चर्मकार समाजातला होता. हिंदू जिमखान्याने त्याला संघात घेतले, कारण सामने जिंकायचे होते; पण चहाच्या वेळी त्याच्यासाठी मातीचे वेगळे भांडे असे आणि तेही पॅव्हेलियनच्या बाहेर. चेंडू मात्र सगळ्यांनी एकच हाताळला. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून बाळूने ११४ बळी मिळवले.

बाळूच्या वाट्याला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच रीतसर आले नाही. १९२०मध्ये तर त्याला संघातूनच वगळले गेले. त्याचे बंधू विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून बाहेर पडले, वृत्तपत्रांत वाद पेटला, आणि तडजोड म्हणून बाळूला परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आले ते १९२३मध्ये, विठ्ठल यांच्या रूपाने, आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र या सगळ्या काळाची साक्ष देते. ‘नेतृत्वगुण’ हा शब्द पुढे व्यक्तिमत्त्व-चाचण्यांच्या तक्त्यात एक स्वतंत्र रकाना म्हणून विराजमान झाला. त्या रकान्यातला आकडा नेमका कशाचा असतो, हा प्रश्न विचारण्यासाठी १९२०चे मुंबई मैदान हे फार चांगले ठिकाण आहे. हॅरिस यांनी वंश पाहून स्वभाव ठरवला, निवड समितीने जात पाहून योग्यता. दोघांनाही आपण प्रत्यक्ष माणसाचेच निरीक्षण करीत आहोत असे वाटत असणार.

मोजमापाचा प्रयत्न साधारण त्याच सुमारास अमेरिकेत सुरू झाला. इलिनॉय विद्यापीठात १९२५मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी क्रीडासंशोधनाची प्रयोगशाळा उभारली. प्रतिक्रियेचा वेग, स्नायूंवरील ताबा, एकाग्रता असे मोजता येणारे प्रश्न त्यांनी आधी हाती घेतले. खर्चाच्या कारणास्तव ती प्रयोगशाळा १९३२मध्ये बंद पडली. १९३८मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने त्यांना खेळाडूंचा अभ्यास करण्यासाठी नेमले. संघाच्या व्यवस्थापकाला हा प्रोफेसर आपल्या अंगणात लुडबुड करतो आहे असे वाटले आणि प्रयोग फारसा फळाला आला नाही. एवढे मात्र खरे की ग्रिफिथ मैदानावर जाऊन खेळाडू पाहत. त्यांच्यानंतरच्या पिढीने प्रश्नावली हाती घेतली आणि मैदानापासून ती बरीच दूर गेली.

प्रश्नावलीमागचे तत्त्व मोठे आकर्षक होते. माणसांच्या स्वभावात जे काही महत्त्वाचे आहे त्यासाठी भाषेत शब्द असणारच, हे गृहीत धरून गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६मध्ये इंग्रजी शब्दकोशातून सुमारे अठरा हजार शब्द वेचले. त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास शब्द स्थिर स्वभावगुणांचे निघाले. रेमंड कॅटेल यांनी घटक-विश्लेषणाच्या गणिताने ही रास आटवत आटवत सोळा घटकांवर आणली, आणि १९४९मध्ये त्यांची प्रसिद्ध प्रश्नावली छापली गेली. हान्स आयझेंक यांचा भर मुख्यतः बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता या दोन अक्षांवर होता. अखेर बहुतेकांचे एकमत झाले ते पाच घटकांवर: बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, कर्तव्यदक्षता, मनमिळाऊपणा आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा.

भारतातल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांना ही साधने फार सोयीची वाटली. मद्रासचे वाय.एम.सी.ए. महाविद्यालय १९२०चे, मुंबईतील कांदिवलीची संस्था १९३८ची, ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७चे. पुढे विद्यापीठांतून पदव्युत्तर संशोधन वाढले तसा एक साचा रूढ झाला: कबड्डीचे काही खेळाडू, खो-खोचे काही खेळाडू, आयझेंक किंवा कॅटेल यांची प्रश्नावली, दोन सरासऱ्या आणि त्यांच्यातील फरकाची सांख्यिकीय कसोटी. असे शेकडो प्रबंध कपाटांत आहेत. त्यांतून उरणारा प्रश्न भाषेचाही आहे. इंग्रजी कोशातून गाळून काढलेल्या घटकांत मराठी मैदानावरचे शब्द बसवताना ओढाताण होते. ‘जिद्द’, ‘हट्ट’, ‘चिकाटी’, ‘ईर्षा’, ‘खुमखुमी’ आणि ‘धीर’ यांतला फरक खो-खोच्या कोणत्याही प्रशिक्षकाला सहज कळतो. पाच घटकांच्या तक्त्यात त्यांतले तीन-चार शब्द एकाच रकान्यात कोंबले जातात.

या शब्दांच्या पंक्तीत मुंबईने एक खास शब्द बसवला: ‘खडूस’. घरात किंवा कचेरीत हा शब्द शिवीच्या जवळचा. मुंबईच्या मैदानावर मात्र ती पदवी आहे. यष्टी फुकट न टाकणारा, सोपी धाव न देणारा, सामना हातचा न सोडणारा तो खडूस. या गुणाचा पुरावा म्हणून दाखवला जातो तो आकडा खरोखर थक्क करणारा आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला. एखादा संघ दरवर्षी ऐंशी टक्के संभाव्यतेने स्पर्धा जिंकतो असे मानले, तरी सलग पंधरा विजयांची संभाव्यता साडेतीन टक्केच भरते; नव्वद टक्के मानले तर सुमारे एकवीस. म्हणजे हा नशिबाचा खेळ नव्हता, संघ खरोखरच इतरांपेक्षा फार वरचढ होता. प्रश्न आहे तो या वरचढपणाचे श्रेय स्वभावाला देण्याचा.

पहिली गोष्ट नियमांची. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. या एका नियमाने फलंदाजीचे सारे अर्थशास्त्र बदलते. चौथ्या डावात धाडस करून सामना जिंकण्यापेक्षा पहिल्या डावात शेवटच्या गड्यापर्यंत खेळपट्टीला चिकटून राहणे अधिक लाभाचे ठरते. अशा वेळी शांत डोक्याचा कोणताही हिशेबी संघ खडूसच खेळेल, मग त्याचे खेळाडू घरी कितीही उधळे असोत. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ती वृत्ती. आतून पाहिले तर ते नियमाला दिलेले योग्य उत्तर असू शकते. दुसरी गोष्ट घडणीची. १९४८पासून मुंबईत कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या आणि लहरी खेळपट्ट्यांवर खेळली जाते. तिथे धावा काढण्याआधी टिकून राहणे शिकावे लागते. असे शिकणे वर्षानुवर्षे चालले की ते स्वभावासारखेच दिसू लागते, पण त्याचे मूळ जन्मजात ठेवणीत शोधणे व्यर्थ आहे.

शिवाय या गाळणीचा आणखी एक परिणाम संशोधकाला छळतो. शालेय स्पर्धा, क्लब, कांगा लीग अशा एकामागून एक चाळण्यांतून जे अकरा जण उरतात, त्या सगळ्यांतच चिकाटी भरपूर असते. सगळ्यांचे गुण जवळपास सारखे असले की त्या गुणाचा आणि धावांचा सहसंबंध हिशेबात शून्याजवळ येतो, गुण अत्यंत आवश्यक असला तरी. बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघातील खेळाडूंची उंची आणि त्यांचे गुण यांचा संबंध शोधणाऱ्याला हाच अनुभव येतो. उंची कामाची नाही असा निष्कर्ष त्यातून कोणी काढत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत मात्र तो अनेकदा काढला गेला आहे.

पंधराव्या विजेतेपदाचा अंतिम सामना चेपॉकवर, तमिळनाडूविरुद्ध झाला. यजमानांकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार ही नामांकित फिरकी जोडी होती आणि खेळपट्टी फिरकीला आमंत्रण देणारी. मुंबई १५१, तमिळनाडू ८०; मुंबई ११३, तमिळनाडू ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना आटोपला. पद्माकर शिवलकर यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. दुसऱ्या डावातले उरलेले पाच एकनाथ सोलकर यांनी. या सामन्याच्या कथेतही पुढे ‘मुंबईची वृत्ती’ हे पात्र मध्यभागी आले. चार डावांतली सर्वोच्च धावसंख्या १५१ आहे हे ध्यानात घेतले, तर चिकाटी दाखवायला फारसा अवकाशच कोणाला मिळाला नव्हता. निकाल लावला तो एका डावखुऱ्या गोलंदाजाच्या बोटांनी आणि टप्प्याने.

जिंकल्यावर गुण दिसू लागतात, या मानवी खोडीची प्रयोगातून नोंद झालेली आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या लहान गटांना एक काम दिले आणि नंतर काही गटांना ‘तुमची कामगिरी उत्तम’, तर काहींना ‘तुमची कामगिरी वाईट’ असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने सांगितले. यश मिळाले असे ज्यांना सांगितले होते त्या गटांनी आपल्यातील एकोपा, संवाद आणि उत्साह अधिक असल्याची नोंद केली. गट तेच, काम तेच. फरक फक्त सांगितलेल्या निकालाचा. १९७४च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला पहिल्या डावातील आघाडीवर बाहेर काढले, त्याच नियमाने ज्याने मुंबईला अनेकदा तारले होते, आणि पंधरा वर्षांची साखळी तुटली. एका हंगामात मुंबईच्या घराघरांतला स्वभाव पालटला असे कोणी म्हटले नाही. म्हणायला हवे होते असेही नाही. पण विजयाचे कारण स्वभाव असेल, तर पराजयाचे कारण सांगतानाही त्याची हजेरी लागायला हवी.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको यांनी याच विश्वासाचा व्यवसाय केला. त्यांची १९० प्रश्नांची चाचणी अकरा गुण मोजत असे: ईर्षा, आक्रमकता, निर्धार, आत्मविश्वास, मानसिक कणखरपणा, नेतृत्व, प्रशिक्षकाचे ऐकण्याची तयारी वगैरे. हजारो खेळाडूंनी ती दिली. तिच्या भाकीतशक्तीचा पुरावा तपासू पाहणाऱ्या संशोधकांचे मात्र समाधान झाले नाही. त्याच काळात, १९६८मध्ये, वॉल्टर मिशेल यांनी सबंध व्यक्तिमत्त्व-मानसशास्त्रालाच हादरा दिला. स्वभाव-चाचणीचे गुण आणि प्रत्यक्ष वर्तन यांतला सहसंबंध गुणांक क्वचितच ०.३०च्या पुढे जातो, हे त्यांनी दाखवून दिले. गुणांकाचा वर्ग केला की नऊ टक्के. म्हणजे माणसामाणसांच्या वर्तनातील तफावतीचा नऊ टक्के भाग स्वभावाने उलगडतो, उरलेला परिस्थिती, कौशल्य, योगायोग यांच्या पदरात पडतो. क्रीडा-मानसशास्त्रात यावर दोन तट पडले. विल्यम मॉर्गन यांनी १९८०मध्ये त्यांना ‘भोळे’ आणि ‘संशयवादी’ अशा अर्थाची नावे दिली.

नऊ टक्के म्हणजे काहीच नाही असे समजण्याचे कारण नाही. औषधशास्त्रात याहून कितीतरी लहान परिणामांवर उपचार ठरतात. पण नऊ टक्क्यांच्या जोरावर एका मुलाला संघात घेणे आणि दुसऱ्याला घरी पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे.

सांघिक खेळासाठी या साऱ्या साहित्यातला सर्वांत बोलका अभ्यास १९९९चा आहे. रॅल्फ पीडमॉंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चार विद्यापीठांच्या ७९ महिला फुटबॉलपटूंचे पाच घटकांवर मोजमाप केले. मग दोन वेगळ्या मापांशी ते ताडून पाहिले: प्रशिक्षकांनी दिलेले गुण आणि सामन्यांची प्रत्यक्ष आकडेवारी. प्रशिक्षकांच्या गुणांतील तफावतीचा सुमारे २३ टक्के भाग व्यक्तिमत्त्वाने उलगडला. प्रत्यक्ष आकडेवारीत हा वाटा सुमारे ८ टक्क्यांवर आला आणि तोही एकट्या कर्तव्यदक्षतेचा. म्हणजे खेळाडूचा स्वभाव धावफलकापेक्षा प्रशिक्षकाच्या डोळ्यांत जवळजवळ तिपटीने अधिक उमटतो. वेळेवर येणारी, ऐकणारी, न चिडणारी खेळाडू प्रशिक्षकाला चांगली वाटते. ती काही अंशी चांगली असतेही. मधली फट मात्र परीक्षकाच्या मनातली आहे. १९२०च्या निवड समितीपुढे बाळूच्या बळींची आकडेवारी होतीच.

‘संघ’ हा शब्द आणखी एक अडचण उभी करतो. व्यक्तींची बेरीज म्हणजे संघ नव्हे, हे फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढायला लावून मोजले होते. १९१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार आठ माणसांचा गट आठ सुट्या माणसांच्या एकूण बळाच्या निम्म्याइतकेच, म्हणजे सुमारे ४९ टक्के बळ लावतो. थोडा भाग हालचाली न जुळल्यामुळे जातो, थोडा अंग राखून ओढल्यामुळे. क्रिकेट या दृष्टीने सोपा खेळ: चेंडू टाकणारा एक, टोलवणारा एक. कबड्डीत तोच खेळाडू चढाईला जातो तेव्हा सात जणांविरुद्ध एकटा असतो आणि तीस सेकंदांनी परतला की साखळीतली एक कडी बनतो. एका प्रश्नावलीतला एक आकडा या दोन्ही भूमिकांना लागू पडेल, ही अपेक्षाच मुळात धाडसाची. संघातील एकोप्यावरच्या संशोधनांचे १९९४मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा एकोप्यामुळे यश या प्रवाहापेक्षा यशामुळे एकोपा हा प्रवाह अधिक जोरकस आढळला.

नाशिकचे भीष्मराज बाम यांनी या वादात न शिरता वेगळी वाट धरली. पोलीस सेवेतून आलेले हे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ ‘विजयाचे मानसशास्त्र’ लिहिताना खेळाडूच्या मनाकडे ठेवण म्हणून न पाहता सराव म्हणून पाहतात. एकाग्रता, श्वास, दडपणाखालची विश्रांती या गोष्टी पतंजलीच्या योगाचा आधार घेऊन शिकवता येतात, ही त्यांची भूमिका. या पद्धतीचे प्रयोगशाळेतले मूल्यमापन वेगळे व्हायला हवे. तरी एक तार्किक फायदा उघड आहे. शिकवता येणारी गोष्ट निवडीच्या दारात अडवायला वापरता येत नाही.

हॅरिस यांचे नाव मुंबईत आजही घेतले जाते, पण ते शालेय क्रिकेटच्या ढालीमुळे. फेब्रुवारी १९८८मध्ये याच हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन मुलांनी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. धीर नसलेल्या वंशातली ही मुले डाव घोषित करण्याच्या निरोपाकडेही काणाडोळा करीत खेळत राहिली. त्या वेळी तेंडुलकर चौदा वर्षांचा होता आणि कांबळी सोळा. त्या दिवशी दोघांना प्रश्नावली दिली असती तर चिकाटीच्या रकान्यात दोघांनाही भरघोस गुण मिळाले असते. पुढे दोघांची कारकीर्द किती भिन्न झाली हे सर्वश्रुत आहे.

भारतीय क्रीडा प्राधिकरणाची राष्ट्रीय क्रीडा गुणवत्ता स्पर्धा योजना ८ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकियो यांनी २०००मध्ये दीडशेहून अधिक दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा स्वभावगुणांच्या स्थैर्याचा गुणांक महाविद्यालयीन वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ आढळला. बालपणी तो ०.३१ होता.